ज्यू शाळांतील अध्ययन-साहाय्य आणि शिक्षक-प्रशिक्षण

ज्यू शाळांतील अध्ययन-साहाय्य म्हणजे ज्यू समाजाने स्थापन केलेल्या शाळांमध्ये अभ्यासात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखणे, तिचे कारण समजून घेणे आणि त्यानुसार अध्यापनात बदल करणे होय. या कामासाठी शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचाही त्यात समावेश होतो. ज्यू शाळांत गणित, विज्ञान, भाषा इत्यादी सर्वसाधारण विषयांबरोबर हिब्रू भाषा, प्रार्थना व धर्मग्रंथ शिकवण्याची प्रथा आहे. त्यामुळे या शाळांतील मुलांवर भाषा आणि लिपी यांचा भार इतर शाळांपेक्षा अधिक असतो. मूल मागे पडते ते बुद्धी कमी असल्यामुळे, भाषा अपरिचित असल्यामुळे, अध्ययन अक्षमतेमुळे की अध्यापनातील दोषामुळे, हा भेद शिक्षकाला करता यावा, हे अशा प्रशिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले जाते.

महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने मुंबईतील बेने इस्रायल व बगदादी ज्यू समाजांच्या शाळांशी निगडित आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि प्रार्थनेत हिब्रू अशा तीन भाषांमध्ये बेने इस्रायल मुलांचे शिक्षण होत असे.

संज्ञा आणि व्याप्ती

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी मराठीत ‘मंदगती विद्यार्थी’, ‘अप्रगत विद्यार्थी’, ‘अध्ययन अक्षम विद्यार्थी’ अशा संज्ञा वापरल्या जातात. त्या समानार्थी नाहीत. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असणाऱ्या मुलाची सर्वसाधारण बुद्धिमत्ता सामान्य किंवा त्याहून अधिक असू शकते. मात्र वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखाद्या कौशल्यात त्याला सातत्याने अडचण येते. वाचनातील अशा अडचणीस वाचन अक्षमता किंवा डिस्लेक्सिया, लेखनातील अडचणीस डिसग्राफिया आणि गणितातील अडचणीस डिसकॅल्क्युलिया म्हणतात. याउलट शाळेची भाषा घरी बोलली जात नसल्यामुळे मागे पडलेल्या मुलात कोणतीही अक्षमता नसते. दृष्टी किंवा श्रवण यांतील दोष, आजारपणामुळे पडलेला खंड, घरातील विपन्नावस्था, भीती आणि अवधानाचा अभाव हीदेखील मागे पडण्याची कारणे असू शकतात.

बाहेरून पाहता या सर्व मुलांची लक्षणे सारखीच दिसतात. मूल अडखळत वाचते, वही अपुरी ठेवते, प्रश्न विचारला असता गप्प राहते. उपाय मात्र प्रत्येक कारणानुसार वेगळा असतो. अप्रशिक्षित शिक्षक लक्षणालाच कारण समजून मुलाला ‘आळशी’ किंवा ‘ढ’ ठरवण्याचा संभव असतो.

ज्यू परंपरेतील विचार

मुलांचे शिक्षण ही संपूर्ण समाजाची जबाबदारी आहे, हा विचार ज्यू परंपरेत प्राचीन काळापासून आढळतो. तालमूद या ग्रंथातील बाबा बात्रा या प्रकरणानुसार पूर्वी मुलाला शिकवण्याचे काम पित्याकडे असे. त्यामुळे ज्याला पिता नाही ते मूल शिक्षणावाचून राहत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला या मुख्य पुरोहिताने प्रत्येक गावी शिक्षक नेमण्याची आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवण्याची व्यवस्था केली, असे तेथे नमूद आहे. एका शिक्षकाकडे २५ मुले असावीत, संख्या ४० झाल्यास त्याला साहाय्यक द्यावा आणि ५० झाल्यास दोन शिक्षक नेमावेत, असा संकेतही याच प्रकरणात दिला आहे.

मागे पडणाऱ्या मुलासंबंधी तालमूदमध्ये काही स्पष्ट निर्देश आढळतात. जे मूल वाचत नाही त्याला वर्गाबाहेर काढू नये, सोबत्यांमध्ये बसू द्यावे, असा सल्ला एका नामांकित शिक्षकाला दिल्याचा उल्लेख आहे. भरभर पण ढोबळ शिकवणारा शिक्षक बरा की सावकाश पण अचूक शिकवणारा, यावरही तेथे वाद आहे. एकदा मनात रुजलेली चूक सहज निघत नाही, या कारणास्तव एक पक्ष दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकाला श्रेष्ठ मानतो. ताअनीत या प्रकरणात एका बालशिक्षकाची कथा येते. तो गरीब व श्रीमंत मुलांना सारखेच शिकवी, ज्यांना परवडत नसे त्यांच्याकडून काही घेत नसे आणि वाचायला नाखूश असणाऱ्या मुलाला आपल्या तळ्यातील मासे देऊन वाचनाकडे वळवी.

एरुविन या प्रकरणातील रब्बी (ज्यू धर्मपंडित) प्रेइदा यांची कथा या संदर्भात विशेष प्रसिद्ध आहे. त्यांच्या एका शिष्याला प्रत्येक पाठ चारशे वेळा सांगावा लागे. एके दिवशी तेवढ्या वेळा सांगूनही त्याला पाठ समजला नाही. कारण विचारले असता, गुरुजींना दुसऱ्या कामासाठी बोलावणे आल्याचे ऐकल्यापासून ते आता उठतील या विचाराने आपले लक्ष लागले नाही, असे शिष्याने सांगितले. तेव्हा प्रेइदा यांनी त्याला आश्वस्त करून तोच पाठ आणखी चारशे वेळा सांगितला. ही कथा सामान्यतः गुरूच्या सहनशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तिचा महत्त्वाचा भाग म्हणजे गुरूने शिष्याला विचारलेला प्रश्न होय. न समजण्याचे कारण शिष्याच्या बुद्धीत नव्हते, त्याच्या मनातील अस्वस्थतेत होते, आणि ते विचारल्यावाचून कळले नसते.

बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ व वैद्य मोशे मायमोनिदीस यांनी आपल्या धर्मसंहितेत अध्ययनाचे नियम दिले आहेत. विद्यार्थ्याला विषय समजला नाही तर शिक्षकाने रागावू नये, तो समजेपर्यंत पुन्हा सांगावा आणि विद्यार्थ्यानेही न समजल्याची लाज बाळगू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र विषय कठीण आहे म्हणून न समजणे आणि निष्काळजीपणामुळे न समजणे यांत त्यांनी फरक केला असून दुसऱ्या प्रसंगी शिक्षकाने कठोर व्हावे, असेही म्हटले आहे.

महाराष्ट्रातील ज्यू शाळा

पार्श्वभूमी

बेने इस्रायल हा मराठी भाषक ज्यू समाज शतकानुशतके कोकण किनाऱ्यावर, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत वसलेला होता. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शब्बाथ म्हणून शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाई. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे या समाजात रूढ आहेत. अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे मुंबईत स्थायिक होऊ लागली. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले.

कोकणातील वास्तव्यात हिब्रूचे ज्ञान फारच थोडे उरले होते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनच्या शाळांमध्ये बेने इस्रायल मुलांनी मोठ्या प्रमाणात प्रवेश घेतला आणि समाजातील काही जण तेथे शिक्षक म्हणूनही काम करू लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाची मराठीतून ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. अशा रीतीने या समाजातील मुलांना आपल्या धर्माची भाषा आपल्या मातृभाषेतून शिकण्याचे साधन मिळाले.

पुढील काळात समाजातील विद्वानांनी हे काम स्वतःकडे घेतले. डेव्हिड ससून बेनेव्हलंट इन्स्टिट्यूशन या मुंबईतील शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठी अनुवाद केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायल समाजात मराठी कीर्तनाची प्रथा सुरू झाली. हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर रचलेल्या या आख्यानांतून अब्राहाम, योसेफ, मोशे आदींच्या कथा सांगितल्या जात. हिब्रू वाचता न येणाऱ्या स्त्री-पुरुषांना आणि मुलांना धर्मकथेचा परिचय त्यातून होत असे. वाचन जमत नाही म्हणून आशयापासून कोणी वंचित राहू नये, हे आधुनिक अध्ययन-साहाय्याचे एक तत्त्व आहे. कीर्तनात ते वेगळ्या हेतूने का होईना, प्रत्यक्षात आलेले दिसते.

इस्रायलाइट स्कूल

हायेम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा सुरू केली. ती ‘इस्रायलाइट स्कूल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मिशनच्या शाळांवर अवलंबून न राहता आपल्या मुलांना आधुनिक शिक्षणाबरोबर हिब्रू व धर्मशिक्षण मिळावे, हा या शाळेचा हेतू होता. लंडनमधील अँग्लो-ज्यूइश असोसिएशन या संस्थेने तिला आर्थिक साहाय्य दिले. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे १९३० च्या दशकात शाळेला ‘सर एली कदूरी हायस्कूल’ हे नाव देण्यात आले. ही शाळा माझगाव भागात आहे.

या शाळेतील मुलाला तीन लिप्या आत्मसात कराव्या लागत. मराठीची बाळबोध लिपी व इंग्रजीची रोमन लिपी डावीकडून उजवीकडे, तर हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. त्या काळी मुंबई इलाख्यातील मराठी शाळांत मोडीही शिकवली जात असे, ती यात धरलेली नाही. बाळबोध लिपीत स्वर मात्रांच्या रूपाने व्यंजनाला जोडलेले असतात. रोमन लिपीत ते स्वतंत्र अक्षरे असतात. हिब्रूत ते अक्षराखाली-वर बिंदूंनी दाखवतात आणि प्रौढ वाचकासाठीच्या मजकुरात बहुधा गाळतात. एकाच मुलाला वाचनाच्या तीन वेगवेगळ्या रीती शिकवायच्या असल्यास अध्यापनाचा क्रम, गती आणि मातृभाषेचा उपयोग यांचा विचार शिक्षकाला करावाच लागतो.

रेबेका रूबेन

रेबेका रूबेन (१८८९–१९५७) या १९२२ ते १९५० या काळात या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा जन्म शिमोगा येथे झाला आणि शालेय शिक्षण पुण्यातील हुजूरपागा शाळेत झाले. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात प्रथम आल्या. त्यानंतर त्यांनी इंग्लंडमध्ये जाऊन अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि केंब्रिज येथे हिब्रूचा अभ्यास केला. मुलींनी माध्यमिक शिक्षण घेणेही दुर्मीळ असलेल्या काळात अध्यापनाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेली स्त्री जवळजवळ तीन दशके एका शाळेचे नेतृत्व करते, ही घटना महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात उल्लेखनीय आहे. बेने इस्रायल समाजाच्या वार्षिकाचे संपादनही त्यांनी केले. त्यांच्या कारकिर्दीत शाळेला नवे नाव मिळाले आणि समाजातील शिक्षिकांच्या पुढील पिढ्यांसमोर प्रशिक्षित अध्यापिकेचा आदर्श उभा राहिला.

बगदादी ज्यूंच्या शाळा व औद्योगिक प्रशिक्षण

इराक व परिसरातून आलेल्या बगदादी ज्यू समाजाच्या मुलांसाठी १९०३ मध्ये भायखळा येथे जेकब ससून फ्री स्कूल स्थापन झाले. मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या नावे चालणाऱ्या शाळा आजही आहेत. या समाजातील मुलांच्या घरी अरबी आणि पुढे इंग्रजी बोलली जाई. त्यामुळे त्यांच्या आणि मराठी भाषक बेने इस्रायल मुलांच्या भाषिक अडचणी भिन्न होत्या.

१९६० च्या दशकाच्या आरंभी ऑर्ट या आंतरराष्ट्रीय ज्यू संस्थेने मुंबईत काम सुरू केले. १८८० मध्ये रशियात स्थापन झालेली ही संस्था तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण देते. पुस्तकी शिक्षणात न रमणाऱ्या तरुणांना हस्तकौशल्याच्या मार्गाने स्वावलंबी करणे, हा तिच्या कार्याचा गाभा होता. अशा शिक्षणाचे मोल मोठे असले, तरी अभ्यासात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यवसायशिक्षणाकडे वळवणे हे त्याची अडचण समजून घेण्याला पर्याय ठरत नाही, असे मत शिक्षणतज्ज्ञ मांडतात.

स्थलांतरानंतर

१९४८ नंतर बेने इस्रायल व बगदादी समाजांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायल, इंग्लंड आदी देशांत गेली. मुंबईतील ज्यू शाळांमध्ये ज्यू विद्यार्थी अत्यल्प उरले आणि आसपासच्या वस्त्यांतील, विशेषतः मुस्लिम समाजातील मुले तेथे मोठ्या संख्येने शिकू लागली. घरची आणि शाळेची भाषा वेगळी असण्याचा प्रश्न मात्र कायम राहिला. पूर्वी तो मराठी व इंग्रजी यांच्यातील होता. आता अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो हिंदी-उर्दू व इंग्रजी यांच्यातील आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला.

युरोप व इस्रायलमधील अनुभव

पोलंडमधील ज्यू बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक (मृत्यू १९४२) यांनी वॉर्सा येथील अनाथाश्रमात मुलांच्या निरीक्षणावर आधारलेली शिक्षणपद्धती विकसित केली. शिक्षकाने मुलाविषयी मत बनवण्यापूर्वी त्याच्या रोजच्या वागण्याच्या नोंदी ठेवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. वॉर्सातील विशेष शिक्षणाच्या संस्थेत ते भावी शिक्षकांना शिकवत असत. जुलै १९४२ मध्ये त्यांच्या आश्रमातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले होते. पुढच्याच महिन्यात कोर्चाक, त्यांचे सहकारी आणि मुले यांना नाझींनी त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेले.

इस्रायलच्या स्थापनेनंतर अनेक देशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले हिब्रू माध्यमाच्या शाळांत दाखल झाली. मोरोक्को, येमेन, इराक, भारत आदी देशांतील मुलांना शाळेची भाषा, पुस्तकातील चित्रे आणि परीक्षेची पद्धत सर्वच नवे होते. बुद्धिमापन चाचण्यांत त्यांपैकी अनेकांना कमी गुण मिळत आणि त्यावरून त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात पाठवले जाण्याचा धोका असे.

रुमानियात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ रूवेन फॉयरस्टाइन (१९२१–२०१४) यांनी या प्रश्नावर मूलगामी काम केले. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी छळातून वाचलेल्या मुलांना त्यांनी शिकवले. पुढे जिनिव्हा येथे आंद्रे रे व झाँ पियाजे यांच्या सान्निध्यात अभ्यास करून त्यांनी मोरोक्कोतील ज्यू मुलांच्या चाचण्या घेतल्या. मुलाला काय येते हे मोजणारी चाचणी त्याला काय शिकता येईल हे सांगत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी मांडलेल्या ‘गतिमान मूल्यमापन’ पद्धतीत परीक्षक प्रथम मुलाला एक कोडे सोडवायला देतो, नंतर त्याला थोडे मार्गदर्शन करतो आणि मग तशाच दुसऱ्या कोड्यात तो किती प्रगती करतो हे पाहतो. या पद्धतीत गुणांपेक्षा प्रगतीला महत्त्व दिले जाते.

याच विचारातून त्यांनी ‘साधनात्मक समृद्धी’ हा अभ्यासक्रम तयार केला. त्यात बिंदू जोडणे, तुलना करणे, वर्गीकरण करणे, दिशा ओळखणे अशा स्वाध्यायांचे १४ संच आहेत. हे स्वाध्याय कोणत्याही शालेय विषयाशी थेट संबंधित नसल्यामुळे पूर्वी नापास झालेल्या मुलाला जुन्या अपयशाची आठवण न होता विचार करण्याची सवय लागावी, अशी कल्पना आहे. वर्गात तो वापरण्यापूर्वी शिक्षकाने प्रशिक्षण घेणे आवश्यक मानले जाते. फॉयरस्टाइन यांच्या मते साधनापेक्षा शिक्षकाची मध्यस्थी महत्त्वाची असते. मुलाचे लक्ष वेधणे, कृतीचा अर्थ स्पष्ट करणे आणि शिकलेले दुसऱ्या प्रसंगी लागू करायला लावणे ही तिची प्रमुख अंगे आहेत. त्यांना १९९२ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला.

इस्रायलमध्ये १९८८ मध्ये विशेष शिक्षण कायदा संमत झाला. पुढील दुरुस्त्यांनी विशेष गरजा असणाऱ्या मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्यावर भर दिला. अमेरिकेत धार्मिक ज्यू शाळा खासगी असल्यामुळे तेथे पालकांच्या पुढाकारातून साहाय्याची व्यवस्था उभी राहिली. अध्ययनात अडचण असणाऱ्या मुलांना धर्मशिक्षणापासून दूर जावे लागू नये, यासाठी १९७६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेली प्ताख ही संस्था त्याचे एक उदाहरण आहे.

प्रशिक्षणाचा आशय

ज्यू शाळांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्वसाधारण विशेष शिक्षणातील घटकांबरोबर या शाळांच्या अभ्यासक्रमातून उद्भवणाऱ्या प्रश्नांचाही विचार केला जातो. त्याचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

निरीक्षण व नोंद: मूल कोठे चुकते यापेक्षा कशा प्रकारे चुकते, हे पाहण्याची सवय शिक्षकाला लावली जाते. एकच चूक वारंवार होते की प्रत्येक वेळी वेगळी, सकाळी वाचन बरे असते की दुपारी, तोंडी उत्तर देता येते पण लिहिता येत नाही का, अशा नोंदींवरून कारणाचा अंदाज येतो.

लिपीतील संभ्रम: हिब्रूतील बेत व काफ, दालेत व रेश, हे व खेत ही अक्षरे दिसायला अतिशय सारखी आहेत. मराठी शाळेत घ–ध, भ–म, थ–य या जोड्यांत मुलांचा जसा गोंधळ होतो, तसाच येथेही होतो. सारखी अक्षरे एकाच दिवशी न शिकवणे, एक पक्के झाल्यावर दुसरे घेणे, वाळूत किंवा हवेत बोटाने गिरवणे, भेदाचा भाग रंगाने दाखवणे असे उपाय सुचवले जातात.

पाठांतराआड लपलेली अडचण: प्रार्थना रोज म्हटल्या जात असल्यामुळे त्या मुलांना पाठ होतात. पुस्तकावर बोट फिरवत मूल प्रार्थना अस्खलित म्हणते आणि शिक्षकाला ते वाचत असल्याचा भास होतो. अनोळखी मजकूर समोर आल्यावर अडचण उघड होते, परंतु तोवर काही वर्षे गेलेली असतात. म्हणून परिचित मजकुरातील शब्द क्रम बदलून वाचायला देणे ही साधी तपासणी उपयुक्त ठरते. मराठी शाळेत पाठ असलेली कविता ‘वाचून’ दाखवणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हीच तपासणी लागू पडते.

जोडीने अध्ययन: ज्यू धर्मशिक्षणात दोघांनी मिळून मजकूर वाचण्याची व त्यावर वाद करण्याची ‘खाव्रुता’ ही रीत आहे. जोडी विचारपूर्वक लावल्यास मागे पडणाऱ्या मुलाला तिचा मोठा आधार मिळतो. जोडी विजोड असल्यास एक मूल सर्व बोलते आणि दुसरे केवळ मान डोलावते. जोड्या ठरवणे, बदलणे व दोघांनाही निश्चित काम नेमून देणे हे शिक्षकाचे कौशल्य आहे.

सार्वजनिक वाचनाचा प्रसंग: तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर ज्यू मुलगा ‘बार मित्स्वा’ होतो आणि सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर तोराचे वाचन करतो. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात. वाचन अक्षमता असणाऱ्या मुलासाठी हा आनंदाचा प्रसंग भीतीचा होऊ शकतो. लहान भाग निवडणे, ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने बराच आधीपासून तयारी करणे, किंवा केवळ आशीर्वचने म्हणू देणे असे पर्याय धर्माच्या चौकटीत उपलब्ध असतात. त्यांची माहिती शिक्षक व सिनेगॉगचे पुरोहित या दोघांनाही असणे आवश्यक ठरते.

पालकांशी संवाद: मुलाची अडचण पालकांना सांगताना निदानाची भाषा न वापरता प्रत्यक्ष निरीक्षण सांगावे, मुलाच्या जमेच्या बाजूपासून सुरुवात करावी आणि पुढील तपासणीचा मार्ग दाखवावा, असे शिकवले जाते. निदान करण्याचा अधिकार तज्ज्ञांचा असतो; शिक्षकाचे काम अडचण लवकर लक्षात आणून देण्याचे आणि वर्गात तिच्याशी जुळवून घेण्याचे असते.

भारतातील कायदेशीर चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे, तर कलम २४ नुसार प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून आवश्यक तेथे अधिकचे अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात हा अधिनियम अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नसल्याचे म्हटले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले असून विशिष्ट अध्ययन अक्षमता हा त्यांपैकी एक आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन-उपाय योजावेत, अशी अपेक्षा कलम १६ मध्ये आहे. कलम १७ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अंतर्भाव आहे. महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आदी सवलती दिल्या जातात. १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी भाषांतील वाचन अक्षमता ओळखण्यासाठी ‘डाली’ हा चाचणीसंच उपलब्ध केला. मुलाची चाचणी त्याच्या भाषेतच व्हावी, या दृष्टीने मराठी शाळांसाठी तो महत्त्वाचा आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात समावेशक शाळेसंबंधीचा स्वतंत्र घटक आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे सातत्यपूर्ण व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे.

मर्यादा आणि टीका

फॉयरस्टाइन यांच्या अभ्यासक्रमाबद्दलच्या संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्वाध्याय-संचांतील प्रगती गणित किंवा वाचन या विषयांत आपोआप उतरत नाही, तसेच गतिमान मूल्यमापनाला बराच वेळ व कुशल परीक्षक लागतो, असे आक्षेप घेतले जातात.

एखाद-दुसऱ्या दिवसाच्या कार्यशाळेने शिक्षकाच्या वर्गातील सवयी बदलत नाहीत, अशी टीका शिक्षक-प्रशिक्षणावर सर्वत्र होते. प्रशिक्षणानंतर वर्गात येऊन पाहणारा आणि सल्ला देणारा अनुभवी सहकारी नसल्यास शिकलेले लवकर विसरले जाते. मोठ्या पटसंख्येच्या वर्गात प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे अवघड असते. तालमूदमध्ये २५ मुलांमागे एक शिक्षक हा संकेत दिला होता. अनेक शाळांत तो आजही प्रत्यक्षात आलेला नाही.

‘अक्षम’ या शिक्क्याविषयीही मतभेद आहेत. प्रमाणपत्रामुळे मुलाला परीक्षेत सवलत मिळते आणि आळशीपणाच्या आरोपातून त्याची सुटका होते. मात्र प्रमाणपत्र मिळाल्यावर शिकवण्याचे प्रयत्नच थांबवले गेले, तर सवलत हीच मर्यादा बनते. भाषा न कळल्यामुळे मागे पडलेल्या मुलाला चुकून अक्षम ठरवणे आणि खरोखर अक्षमता असलेल्या मुलाला भाषा येईल तेव्हा सुधारेल म्हणून सोडून देणे, या दोन्ही चुका बहुभाषक शाळांत घडू शकतात. पहिलीत मुलाचा आत्मविश्वास जातो, दुसरीत त्याची वर्षे जातात.

हे सुद्धा पहा

बेने इस्रायल
रेबेका रूबेन
हायेम सॅम्युएल केहीमकर
डिस्लेक्सिया
समावेशक शिक्षण
यानुश कोर्चाक